शेवटचा पाव आटा

४ फेब्रुवारी

लिहायला उशीर झाला. साडेसात महिने. माफी मागायची तर कोणाची? वहीची? वही बोलत नाही, म्हणून तर तिच्यापाशी बोलायला बसलो.

वही माझी नाही, मुलाची आहे. एकशे सव्वीस पानं त्याची. बारीक अक्षर, मुंग्यांची रांग जावी तसं. मी वही उलटी धरून मागच्या बाजूने सुरुवात केली आहे. त्याच्या अक्षराला माझ्या अक्षराचा धक्का नको. मी सहावी नापास. हात पान्याला सरावलेला, पेनाला नाही.

वही माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात असते, बेअरिंगच्या डब्याखाली. सून आज पुन्हा विचारत होती. "बाबा, यांची निळी वही कुठे दिसली का हो? सगळे आकडे त्यात आहेत."

म्हणालो, जळली असेल.

"शेजारचं कागदी कॅलेंडर जळलं नाही, आणि वही जळली?"

मी चहा प्यायला लागलो. कपातला चहा कधीच संपला होता.

६ फेब्रुवारी

सून गाडी पुरी करणार म्हणते. सुरुवातीला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं. पण नाही. शाळेतून आली की साडीवरच डांगरी चढवते आणि शेडमध्ये शिरते. शाळेची प्रयोगशाळा सांभाळते ती. परीक्षानळीत हायड्रोजन धरून मुलांना ‘फट्’ करून दाखवणं हे तिचं रोजचं काम. तरी इतके दिवस तिने ती नळी हातात घेतली नव्हती. परवा घेतली म्हणाली. 

गाडी म्हणजे आमची जुनी डिलिव्हरी व्हॅन. पेट्रोलची. मुलाने पेट्रोलची टाकी काढली, कार्ब्युरेटर काढला, मागे गॅसची जाड बाटली बसवली, आणि इंजिनात गॅस फवारायला चार तोट्या. पलीकडच्या क्लोरीनच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो ते नुसता हवेत सोडतात. मुलगा म्हणायचा, "बाबा, आपल्या डोक्यावरून रोज शंभर गाड्यांचं इंधन उडून जातं, आणि आपण खाली रांगेत उभे."

मी म्हणायचो, पेट्रोल निदान वास तरी देतं. गळलं की घरभर बोंब मारतं. याला ना वास, ना रंग. उजेडात पेटला तर जाळसुद्धा दिसत नाही. असल्या पाहुण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तो हसायचा. "वास नाही, पण धूरही नाही. नळकांड्यातून फक्त पाणी पडतं. प्यायलात तरी चालेल."

सून म्हणते, अठ्ठावीस तारखेला चावी फिरवायची.

७ फेब्रुवारी

आज स्वयंपाकघरात जाताना केरसुणी पुढे धरून गेलो. कधी धरली ते मला कळलंच नाही. ही ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "अहो, घर झाडायचं असेल तर खाली धरतात."

केरसुणीचं सांगायला हवं. न दिसणारा जाळ शोधायची ती रीत आहे. केरसुणी पुढे धरून हळूहळू चालायचं. काड्या पेटल्या की समजायचं, इथे जाळ आहे. मुलाने कुठेतरी वाचलं होतं. शेडच्या दाराशी नवी केरसुणी आणून ठेवली होती त्याने. ती अजून तिथेच आहे, तशीच नवी.

भर दुपारच्या उन्हाचीच मला भीती वाटते. अंधारात निदान दिसलं असतं.

१० फेब्रुवारी

मला लोक पावआटा म्हणतात. खरं नाव घरातल्या कागदांवर तेवढं उरलं आहे. पन्नास वर्षांची खोड. गाडी दाराबाहेर जायच्या आधी मी प्रत्येक नटाला एक शेवटचा पाव आटा देतो. कोणी कितीही आवळलेला असो. उजवीकडे, मनगटाने, पाव फेरा. हाताला ‘कट्’ असं कळलं की माझं समाधान. एकदा नवीन आलेली एक बाई दारात उभी राहून पीठ कधी मिळेल विचारत होती. तिला वाटलं गिरणी आहे!

मुलाच्या गाडीत ही खोड नडली. गॅसच्या जोडांना उलटे आटे असतात. डावीकडे फिरवला की घट्ट, उजवीकडे फिरवला की सैल. ओळखायला नटाच्या कोपऱ्यांवर खाच पाडलेली असते. माझ्या हाताला ते काय ठाऊक! एप्रिलमध्ये मी दोन जोड आवळायला गेलो आणि सैल करून ठेवले. मुलाने साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडेच बुडबुडे. रागावला नाही. नुसता म्हणाला, "बाबा, या जोडांना तुम्ही हात लावू नका. तुमचा हात ऐकत नाही."

तुमचा हात ऐकत नाही.

त्याला दुचाकीचा प्लग काढायला याच हाताने शिकवलं होतं.

११ फेब्रुवारी

‘कट्’. आज चार वेळा ऐकलं. शेडमध्ये कोणी नव्हतं.

१३ फेब्रुवारी

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवसानंतर मी गुपचूप शिकायला बसलो. मुलगा उठायच्या आत शेडमध्ये जायचो, एक खाचेचा नट व्हाइसमध्ये धरायचो आणि डावीकडे आवळायचा सराव करायचो. रोज शंभर वेळा. मोजणी चुकू नये म्हणून दोन डबे. एक आवळला की एक वॉशर या डब्यातून त्या डब्यात. पहिल्या आठवड्यात हात सारखा उजवीकडे पळायचा, जुन्या घराकडे बैल वळावा तसा. मेअखेर मात्र वळणावर आला. ही विचारायची, सकाळी सकाळी काय खुडबुड? म्हणायचो, उंदीर आहेत.

त्याला एक दिवस दाखवणार होतो. बघ, ऐकतो हात.

दाखवायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी

अपघातानंतर आलेल्या तपासणीसाहेबाच्या कागदाची प्रत सुनेने आज पुन्हा काढली आणि मोठ्याने वाचली. "तोट्यांकडे जाणाऱ्या नळीचा शेवटचा जोड अंदाजे पाव आटा उघडा आढळला. आवळायचा राहिला असावा किंवा हादऱ्याने सैल झाला असावा." तो नट साहेबाने तेव्हाच पिशवीत घालून नेला. परत दिला नाही.

पाव आटा! सगळा गाव मला त्याच नावाने हाक मारतो. साहेबाने तोच शब्द लिहिला. आणि साडेसात महिन्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. की आलं, पण म्हाताऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार?

सून म्हणाली, "गाडी तोवर चाललीच नव्हती, मग हादरे कुठून येणार? म्हणजे हे आवळायचं विसरले. घाईत होते. यांच्याकडून असं होईल असं कधी वाटलं नव्हतं."

मी तिथेच बसलो होतो. हातात कापडाचा बोळा. तो विसरला, असं ती म्हणाली आणि मी बोळ्याने हात पुसत राहिलो.

१७ फेब्रुवारी

आज लिहितोच.

मुलाचा एक नियम होता. वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिला आहे. ‘हात लावला की लिहायचं.’ कोणत्या जोडाला, किती वाजता, कोणी. त्याचं त्याने, सुनेचं सुनेने, माझं मी. मी एकदाच लिहिलं होतं, तेव्हा ‘हायड्रोजन’ असा काही चुकीचा लिहिला की सून पदर तोंडाला लावून हसली. वाईट मनाने नाही. पण त्यानंतर मी पेन धरलं नाही. मुलगा विचारून विचारून माझं लिहायचा.

अठरा जूनला दुपारी त्याने सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. त्याची शेवटची ओळ आहे, ‘सर्व जोड तपासले. एकही बुडबुडा नाही. उद्या चावी.’ मग तो अंघोळीला घरी गेला.

सहा वाजता मी शेड बंद करायला गेलो. गाडी उद्या निघणार, आणि मी हात न लावता दार लावू? जोड इंजिनामागे खोल होता. तिथे डोळा पोचत नाही, नुसता हात जातो. पाना लावला. एकदा मनगट फिरवलं. ‘कट्’ झालं. नट सहज फिरला. मला वाटलं, बरं झालं पाहिलं, जरा ढिलाच होता.

वही समोर टेबलावर होती. पेन वहीत. म्हटलं, पाव आट्याचं काय लिहायचं.

सकाळी त्याने बाटली उघडली. वारा होता म्हणून दारं लावलेली. मला म्हणाला, "बाबा, केरसुणी घ्या हातात." मी दारापाशी गेलो. तो इंजिनावर वाकला आणि चावीऐवजी स्टार्टरच्या दोन वायरी जोडल्या. जाळ दिसला नाही. बॉनेट छताला लागलं, तेवढं दिसलं. आणि मी केरसुणी धरून उभा.

मी डावीकडे फिरवला होता की उजवीकडे? हेच आठवत नाही. बोटाला खाच लागली होती का? तेही आठवत नाही. शिकलेला हात होता की जुना?

१८ फेब्रुवारी

दवाखान्याचं राहिलं. चार दिवस होता तो. तोंडावर पट्ट्या. शुद्धीवर आला की एकच विचारायचा.

"बाबा, वहीत माझ्या ओळीनंतर काही आहे?"

मी म्हणायचो, काही नाही रे. खोटं नव्हतं ते. वहीत काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.  मग म्हणाला, "मग माझंच चुकलं."

त्यानंतर काही बोलला नाही. तेच शेवटचं.

१९ फेब्रुवारी

जेवलो नाही.

२१ फेब्रुवारी

हिने आज हटकलं. "उशाशी पाना कशाला ठेवता? चोराला मारायचाय की नट आवळायचाय?" म्हटलं, असू दे. ती माझ्याकडे बघत राहिली. पन्नास वर्षांची बायको, तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, देव जाणे.

सकाळी सून शाळेत गेल्यावर शेड आतून लावून घेतली. परीक्षाच घ्यायची म्हटलं. खाचेचा जुना नट व्हाइसला लावला. डोळ्यांवर फडकं बांधलं. मग उगाच इकडचं तिकडचं आठवत राहिलो, म्हणजे डोक्याने हाताला शिकवायला नको. मुलाचं पहिलं दप्तर. पहिली दुचाकी, जी चालू झाली आणि भिंतीवरच गेली. आणि मध्येच पाना फिरवला.

डावीकडे.

पुन्हा केलं. डावीकडे. वीस वेळा केलं. वीसच्या वीस वेळा डावीकडे! साडेसात महिने सराव नाही, तरी हात विसरलेला नाही. मग त्या संध्याकाळी, रोजच्या सरावात असताना, उजवीकडे कसा जाईल? शक्यच नाही.

फडकं सोडलं. ओलं झालं होतं. मी डावीकडेच आवळला. घट्टच केला. आणखी घट्ट केला. जे झालं ते दुसऱ्या कशाने तरी झालं.

दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आज पहिल्यांदा शेडमध्ये आवाज आला नाही.

२२ फेब्रुवारी

शांत झोपलो. सुनेला वही देऊन टाकावी म्हणतो. भ्यायचं आता काही कारण नाही. डावीकडे आवळला, असं स्वच्छ लिहीन आणि देईन. एकदोन दिवसांत.

२४ फेब्रुवारी

वही देणार होतो तेवढ्यात सुनेनेच हाक मारली. "बाबा, जरा इकडे या. तुमच्या हाताला कळतंय का बघा."

शेवटच्या जोडासाठी तिने नवा नट आणवला आहे. खाचेचा, उलट्या आट्यांचा, जुन्या चित्राबरहुकूम. इंजिनावर राहिलेल्या जुन्या तुकड्यावर तो बसेना. मी हात आत घातला, डावीकडे फिरवून पाहिला. तोंडालाच अडतो. आटे धरतच नाहीत.

"आगीने आटे गेले असतील," ती म्हणाली.

मी नखाने चाचपलं. आटे शाबूत होते. धारदार. पण नखाला काहीतरी वेगळं लागत होतं. 

"तो तुकडा काढून देते. आटे पाडतात त्या टर्नरकाकांना दाखवून या," ती म्हणाली. "तेवढा जोड झाला की अठ्ठावीसला चावी."

२५ फेब्रुवारी

टर्नरकडे गेलो. त्याच्या लेथवर माझी अर्धी हयात गेली आहे. मला पाहून ओरडला, "काय पावआटा, गिरणी बंद ठेवलीस की काय? महिने झाले, पीठ नाही."

तुकडा हातावर ठेवला. त्याने चष्मा वर केला, एकदाच बघितलं आणि म्हणाला, "यावर उलटा नट कसा बसेल? हा सुलटा आहे."

म्हटलं, गॅसचे सगळे उलटे असतात.

"सगळे उलटेच होते. हा एक मी सुलटा करून दिला. तुझ्या मुलानेच सांगितलं, जूनच्या सुरुवातीला. मी म्हटलं, अरे, गॅसला उलटा लागतो. तर म्हणाला, काका, तो नियम बाटलीच्या तोंडाचा. हा आतला जोड, इथे चालतो." टर्नर तुकडा फडक्याने पुसत होता, माझ्याकडे न बघता. "म्हणाला, बाबांना हात लावू नका म्हणालो, तेव्हापासून ते जेवताना ताटातच बघतात. त्यांना त्यांच्या हाताचा एक तरी नट ठेवायला हवा. त्यांचा शेवटचा हात नेहमी इथेच येतो. हा सुलटा करा, म्हणजे त्यांनी पाव आटा दिला तर घट्टच होईल."

मी तुकडा त्याच्या हातातून परत घेतला.

"आणि तुला सांगायचं नाही म्हणाला. कीव केली असं वाटेल म्हणे. मी आजवर शब्द पाळला. आता तो नाही, म्हणून सांगितलं. चुकलं का माझं?"

म्हटलं, नाही. तुझं काही चुकलं नाही.

बाहेर आलो. रस्त्यावर ऊन होतं. केरसुणी नव्हती हातात, दोन्ही हात पुढे धरून घरी चालत आलो. लोक बघत होते.

२६ फेब्रुवारी

खाच लागली नव्हती बोटाला. आता आठवतं. गुळगुळीत होता. सुलटा नट, आणि मी डावीकडे फिरवला.

हात ऐकला. पन्नास वर्षांत एकदाच ऐकला.

१८ जून

संध्याकाळी सहा. इंजिनामागचा शेवटचा जोड. हात लावला. पाव आटा, डावीकडे. — बाबा

ही ओळ आज, सत्तावीस फेब्रुवारीला, वही सरळ करून त्याच्या ओळीखाली लिहिली. जागा होती.

पोरी, वही जळली नव्हती. तुझ्या टेबलावर ठेवली आहे. आधी ही ओळ वाच, मग वही उलटी करून मागची बाजू. तो विसरला नव्हता. त्याने बरोबर आवळला होता. उद्या वायरींना हात लावायच्या आत वाच. मी शेडच्या पायरीवर बसलो आहे. तू हाक मारल्याशिवाय आत येणार नाही. काय म्हणायचं असेल ते म्हण. पण लवकर कळव.